पुलावरची कॉट आणि मेलमधला नकार

रेल्वे आणि सिनेमा म्हटलं की आपल्याकडे लगेच प्लॅटफॉर्मवरून पळणारी हिरॉईन नाहीतर डब्याच्या टपावरचं गाणं सुरू होतं, आणि त्यावर तासन्‌तास गप्पा मारायला मलाही आवडतं, पण गेली दहा-बारा वर्षं मालिकांच्या सेटवर एडी, म्हणजे असिस्टंट डिरेक्टर, म्हणून राबताना "रेल्वेचा सीन आहे" असं कानावर आलं की माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा येतो तो एका अशा सिनेमामुळे जो कधी पूर्णच झाला नाही. मी नुकती लाईनमध्ये आले होते, क्लॅप मारायचे, आणि २०१४च्या मार्चमध्ये फोनवर क्लॅपबोर्डांचे फोटो यायला लागले. कुठकुठल्या देशांतल्या सेटवरचे, खडूने नाहीतर मार्करने लिहिलेलं एकच नाव, सारा जोन्स. कोण ही, म्हणून शोधलं तर आमच्याच जातकुळीतली निघाली. कॅमेरा असिस्टंट, वय २७, क्लॅप मारणारी, रेल्वे पुलावरच्या शूटिंगमध्ये जीव गेलेली.

तेव्हापासून हे प्रकरण मी जमेल तसं वाचत आलेय. दरवेळी वाटतं की आता कळलं कुठे चुकलं, आणि दरवेळी ते थोडं मागे सरकतं.

तर झालं असं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ग्रेग ऑलमन या रॉक गायकाच्या आयुष्यावर "मिडनाइट रायडर" नावाचा सिनेमा करायचा होता, दिग्दर्शक रँडल मिलर, म्हातारपणीच्या ऑलमनच्या भूमिकेत विल्यम हर्ट, म्हणजे ऑस्कर मिळालेला नट, कोणी ऐरागैरा नाही. मुख्य शेड्यूल अजून सुरू व्हायचं होतं आणि त्याच्या आधी २० फेब्रुवारीला, गुरुवारी, एक स्वप्नाचा सीन उरकून घ्यायचा ठरला. वेन काउंटीत डॉक्टरटाऊन म्हणून जागा आहे, तिथे अल्टमाहा नदीवर जुना रेल्वे पूल आहे, त्या पुलावर रुळांमध्ये हॉस्पिटलची लोखंडी कॉट ठेवायची आणि त्यावर हर्ट. बस, एवढंच. असे सीन कागदावर दोन ओळींचे असतात, आणि वाचताना कोणीही म्हणतं, अरे मस्त दिसेल.

मस्त दिसलंही असतं, खोटं कशाला बोलू.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला लागते. आपल्याकडे रूळ म्हणजे सरकारचे, तिकडे बऱ्याच ठिकाणी रूळ खासगी मालगाडी कंपनीच्या मालकीचे असतात. हा पूल सीएसएक्स नावाच्या कंपनीचा, आणि नदीकाठची जमीन एका कागद कंपनीची. कागद कंपनीने जमिनीवर यायला हो म्हटलं. रेल्वे कंपनीने रुळांवर यायला नाही म्हटलं. लेखी. आणि एकदा नाही, दोनदा, दुसरा मेल तर शूटिंगच्या दिवशी सकाळीच आला. म्हणजे घोळ असा झाला की जमिनीपर्यंत जायची परवानगी खिशात होती, त्यामुळे गाड्या आत आल्या, सामान उतरलं, चहा-कॉफी झाली, सगळं कसं अधिकृत दिसत होतं, आणि शेवटची पंचवीस-तीस पावलं, जमिनीवरून रुळांवर जाण्याची, ती मात्र कोणाच्याच परवानगीत बसत नव्हती. सेटवर उभ्या असलेल्या माणसाला ही रेष दिसत नाही हो. त्याला दिसतं की गेट उघडलंय, गार्डने आत सोडलंय, म्हणजे परमिशन आहे.

ज्याच्याकडे नकाराचा मेल आला होता तो लोकेशन मॅनेजर त्या दिवशी लोकेशनवर आलाच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्यावरच चिडले होते. नंतर वाटलं, निदान तो तरी स्वतःपुरता नाही म्हणाला. पण त्याचं नाही त्याच्यापाशीच राहिलं. पुलावर चढलेल्या वीसेक जणांमध्ये मेकअपवाली, हेअरवाली, कॅमेऱ्याची पोरं, यांच्यातल्या कोणाला रेल्वेने काय कळवलंय ते माहीत नव्हतं. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या कागदावर, लोकेशन छापलेलं असतं ना, तेच आमच्यासाठी परवानगीचं पत्र. दहा वर्षांत मी एकदाही कुठल्या लाइटमनला "आधी परमिशन दाखवा" म्हणताना पाहिलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं का, हाही प्रश्नच.

पुलावर काय झालं

युनिटला सांगण्यात आलं होतं की दोन गाड्या येतील, त्या गेल्या की रूळ मोकळे. दोन गाड्या आल्या, गेल्या. मग कॉट पुलावर नेली. आणि सूचना अशी दिली गेली की समजा तिसरी आलीच, तर तुमच्याकडे साठ सेकंद असतील, तेवढ्यात बाहेर पडायचं.

हे "साठ सेकंद" माझ्या डोक्यातून जात नाही. जरा हिशोब करून बघा. जी गाडी आली ती ताशी नव्वदेक किलोमीटरने येत होती, म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. साठ सेकंद मिळायला हवे असतील तर गाडी दीड किलोमीटर लांब असताना ती कोणाला तरी दिसायला हवी, त्याने ओरडायला हवं, ते ओरडणं वाऱ्यात आणि नदीच्या आवाजात पुलाच्या मध्यावर ऐकू जायला हवं आणि लोकांनी त्याच क्षणी पळायला सुरुवात करायला हवी. दीड किलोमीटर म्हणजे सीएसएमटीपासून मस्जिद आणि वर थोडं. सीएसएमटीच्या फलाटाच्या टोकाला उभं राहून मस्जिदला सुटलेली लोकल दिसते का सांगा. शिवाय भरलेली मालगाडी या वेगात असली की ब्रेक मारल्यावर थांबायला तिला दीड किलोमीटर किंवा त्याहून जास्तच लागतं, त्यामुळे ड्रायव्हरने बघितलं तरी तो काही करू शकेल ही आशाच सोडायची. आणि पुलावर आजूबाजूला उडी मारायला जागा नाही, एका कडेला माणूस कसाबसा जाईल एवढी अरुंद वाट, खाली नदी.

म्हणजे साठ सेकंद हा आकडा कोणी मोजून काढलेला नव्हता, तो धीर द्यायला सांगितलेला होता. सेटवर आम्ही असे आकडे दिवसभर फेकत असतो. "पाच मिनिटांत लाइट", "दोन मिनिटं ताई, लगेच सोडतो", सगळ्यांना माहीत असतं की दोन म्हणजे वीस. तीच जीभ तिकडे रुळांवर वापरली गेली.

तिसरी गाडी आली. आणि हातात साठ सेकंदही नव्हते.

त्यातून आणखी वाईट म्हणजे जमिनीवर परत जायची दिशा गाडी येत होती तीच होती, त्यामुळे लोकांना गाडीच्या दिशेने पळावं लागलं. याची कल्पना करायला मला अजूनही जमत नाही, शरीर मागे ओढतंय आणि वाचायचं असेल तर पुढे पळायचंय. हर्ट वाचला. दिग्दर्शक स्वतः पुलावरच होता, तोही थोडक्यात वाचला. हेअर करणाऱ्या बाईने पुलाच्या लोखंडी गर्डरला मिठी मारली, तर गाडीच्या वाऱ्याने तिचा हात असा ओढला गेला की हाड मोडलं. कॉट मात्र रुळांवरून निघाली नाही. काही जण ती काढायला बघत होते असं वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण मला माहितेय ते कसं होतं, सामान सोडून पळायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नसतं. उलट शिकवलेलं असतं ते असं की पाऊस आला तर आधी कॅमेरा झाक मग स्वतः. लेन्सची बॅग खाली पडली तर तिची किंमत पोरांच्या वर्षाच्या पगाराएवढी, त्यामुळे हात आपोआप बॅगच्या पट्ट्याकडे जातो.

गाडी कॉटवर आदळली, कॉटचे तुकडे उडाले, त्यातला एक भाग साराला लागला आणि ती गाडीवर फेकली गेली. तिथेच गेली. आणखी सहा-सात जण जखमी झाले. सेटवर डॉक्टर सोडाच, साधा प्रथमोपचारवाला नव्हता आणि रेल्वेचा माणूस नव्हता, आणि तो असणार तरी कसा, रेल्वेच्या लेखी तिथे कोणी नव्हतंच.

पोलीस आले. रुळांवर यायची परवानगी होती का, असं त्यांनी प्रॉडक्शनच्या वरिष्ठ माणसाला विचारलं, तर त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये नोंदवलंय. तो म्हणाला, "कॉम्प्लिकेटेड आहे."

हे उत्तर मी ओळखते. आपल्याकडे याला "ॲडजस्ट केलंय" म्हणतात.

कोण आत गेलं आणि कोणी किती भरले

जुलै २०१४ मध्ये दिग्दर्शक मिलर, त्याची निर्माती बायको आणि कार्यकारी निर्माता यांच्यावर सदोष मनुष्यवध आणि हद्दीत घुसखोरी असे आरोप ठेवले गेले, फर्स्ट एडीवर नंतर. ९ मार्च २०१५ला खटला उभा राहायच्या वेळी मिलरने गुन्हा कबूल केला. शिक्षा दहा वर्षं, त्यातली दोन तुरुंगात आणि आठ प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण कोर्टाच्या नजरेखाली, शिवाय २०,००० डॉलर दंड, आणि प्रोबेशनच्या काळात दिग्दर्शक किंवा ज्याच्यावर लोकांच्या सुरक्षेची जबाबदारी आहे असं कुठलंही काम सिनेमात करायचं नाही. प्रत्यक्षात तो साधारण वर्षभराने बाहेर आला. बायकोवरचे आरोप त्याच तडजोडीत मागे घेतले गेले. कार्यकारी निर्मात्याला दहा वर्षं प्रोबेशन.

आणि फर्स्ट एडीला पण दहा वर्षं प्रोबेशन.

इथे मी थांबते नेहमी. फर्स्ट एडी म्हणजे आता माझीच खुर्ची. तिकडच्या पद्धतीत सेटच्या सुरक्षेची जबाबदारी अधिकृतपणे फर्स्ट एडीची असते, धोक्याचा शॉट असेल तर सगळ्यांना गोळा करून माहिती द्यायची, आणि पटलं नाही तर थांबवायचं. आपल्याकडे फर्स्ट एडीचं काम म्हणजे थोडक्यात "आज सोळा सीन काढा". ओरडायचा हक्क आहे, थांबवायचा नाही. मी थांबवलं तर डिरेक्टर चॅनलला फोन करणार, चॅनल प्रोड्युसरला, आणि प्रोड्युसर मला विचारणार की टेलिकास्ट गेला तर तू भरणार का. ती बाई तिकडे त्या खुर्चीत असून थांबवू शकली नाही, किंवा तिने थांबवलं नाही, यातलं खरं काय ते तिलाच ठाऊक, पण न्यायाधीशाला त्याने फरक पडला नाही.

अमेरिकेत सेटवरच्या मृत्यूबद्दल दिग्दर्शकाने तुरुंगात जाणं जवळपास न ऐकलेली गोष्ट होती. १९८२ साली कॅलिफोर्नियात शूटिंगच्या वेळी हेलिकॉप्टर कोसळून एक नट आणि दोन लहान मुलं गेली होती, ते प्रकरण पाच वर्षं चाललं आणि १९८७ला दिग्दर्शकासकट पाचही आरोपी निर्दोष सुटले. त्यामुळे सारा जोन्सच्या केसमध्ये पण लोक असंच धरून चालले होते की पैसे देऊन मिटेल.

कामगार सुरक्षा खात्याने निर्मिती कंपनीला लावलेला दंड ७४,९०० डॉलर. एका सिनेमाच्या हिशोबात तो केटरिंगच्या ओळीत बसेल.

पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो २०१७च्या दिवाणी दाव्याने. साराच्या आईवडलांनी बऱ्याच जणांवर दावा लावला होता, बाकीच्यांनी बाहेर मिटवलं, रेल्वे कंपनी मात्र लढली, आणि बघा ना, वरवर तिची बाजू किती भक्कम होती, आम्ही दोनदा लेखी नाही म्हटलं, हे लोक चोरून आले, आमचा काय दोष? सवाना शहरातल्या ज्यूरीने एकूण १ कोटी १२ लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि त्यातला ३५ टक्के दोष रेल्वे कंपनीवर टाकला, म्हणजे जवळजवळ ३९ लाख डॉलर. का? कारण कुटुंबाच्या वकिलांनी त्या आधीच्या दोन गाड्या समोर आणल्या. त्या दोन गाड्यांच्या ड्रायव्हरना रुळांजवळ सिनेमाचं युनिट दिसलं होतं आणि दोघांनीही कंट्रोलला कळवलं नाही, असा मुद्दा. एक फोन गेला असता, "पुलाजवळ माणसं आहेत", तर तिसऱ्या ड्रायव्हरला आधीच सावध करता आलं असतं.

हे वाचून आमच्या ग्रुपवर दोन तट पडले होते. एका कॅमेरामन मित्राचं म्हणणं, हा अन्याय आहे, घरात चोर शिरला आणि जिना मोडून पडला तर मालकाने का भरावं. मला ते पटत नाही. चोर जिन्यावर उभा दिसतोय, जिना मोडका आहे हे तुम्हाला माहितेय, आणि तुम्ही शेजारून शांतपणे निघून जाता, हे वेगळं आहे. मोठा दोष युनिटचाच, त्यात वादच नाही. पण नाही म्हणणं आणि नाही म्हटलेलं प्रत्यक्षात होतंय का ते बघणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं करून झालं की दुसरं आपोआप होतं असं सगळ्यांनी धरलं. रेल्वेच्या ऑफिसने मेल पाठवला आणि त्यांचं काम संपलं, लोकेशन मॅनेजर घरी राहिला, ड्रायव्हर पुढे गेले. नकार तीन-चार जणांच्या हातात होता आणि पुलावर एकाच्याही हातात नव्हता.

आपल्याकडे

आपल्या रेल्वेत शूटिंग करायचं तर अर्ज, लायसन्स फी, डिपॉझिट, विमा, सोबत आरपीएफ आणि रेल्वेची माणसं असा सगळा कुटाणा असतो आणि प्रॉडक्शनवाले त्याला मनापासून शिव्या घालतात, मी पण घातल्यात. पण कधीतरी रुळांवर काम करणाऱ्या गँगला बघा. एवढासा रूळ दुरुस्त करायला त्यांना लाइन बंद करायची असेल तर ६०० मीटरवर लाल बॅनर लावतात, १२०० मीटरवर रुळांवर फटाके बांधतात, म्हणजे ड्रायव्हरला झेंडा नाही दिसला तरी चाकाखाली आवाज होईल. त्यांचे साठ सेकंद असे जमिनीवर मोजून ठेवलेले असतात. आणि आपल्याकडचे प्रीवेडिंगवाले, शालू नेसलेली नवरीमुलगी रुळांत बसवून "जरा मान तिरकी" म्हणतात, त्यांना रेल्वे कायद्याचं कलम १४७ माहीत नसतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे फोटोग्राफरच्या पेट्रोलचे पैसे, त्यामुळे कोणी घाबरत पण नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमचं एका मालिकेचं रात्रीचं शूटिंग होतं, कोकणातलं छोटं स्टेशन, तीन लाइनी. परवानगी होती प्लॅटफॉर्मची आणि तीन नंबरच्या लाइनची, म्हणजे साइडिंगला उभा असलेला रिकामा डबा तिथे होता तेवढ्याची. डिरेक्टरला संध्याकाळी आल्या आल्या एक नंबरच्या रुळावरून लो अँगल पाहिजे झाला, हिरोईन चालत येते, मागे सिग्नलचा लाल दिवा. "फक्त दोन मिनिटं." स्टेशन मास्तरांना विचारायचं पण नव्हतं त्याला, कारण विचारलं की ते नाही म्हणणार. मी पत्र काढलं आणि म्हटलं, यात एक नंबर नाहीये. तो म्हणाला, तुझं पत्र तू फ्रेम करून घे. तासभर तोंड फुगवून बसला, मग रिकाम्या डब्याच्या पायरीवर शॉट घेतला, जो खरंतर जास्त बरा झाला पण ते त्याने अजून कबूल केलेलं नाही.

तर त्या रात्री मी काय केलं, पहिल्या शॉटच्या आधी सगळ्यांना प्लॅटफॉर्मवर उभं केलं, स्पॉट, लाइट, मेकअप, हिरोईनची आई, सगळे, आणि माइकवर ते परवानगीचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवलं. कुठली लाइन आपली, कुठली नाही, आज रात्री किती गाड्या न थांबता जाणार आणि साधारण कधी, गाडी आली तर कुठल्या बाजूला व्हायचं, सामान सोडायचं का, तर हो, सोडायचं. मला स्वतःलाच बावळटासारखं वाटत होतं. मागे पोरं खुसखुसत होती, एकाने हात जोडून डोळे मिटले होते. संपल्यावर आमचा स्पॉटदादा, वीस वर्षं लाइनमध्ये असलेला माणूस, मोठ्याने म्हणाला, "झाली ना ताई कथा, आता प्रसाद कुठाय?" सगळे हसले, मी पण हसले.

मग जरा वेळाने तो माझ्याजवळ आला, हळूच विचारलं, "ताई, तीन नंबर म्हणजे ती पलीकडची ना?"

मी म्हटलं हो. तो काही न बोलता वळला आणि दोन नंबरच्या कडेला खडीत मांडलेली चहाची शेगडी उचलायला गेला.